इस्रायल आळी ते दिमोना : एका बिऱ्हाडाची वाटचाल

(व्याख्यानाचा संपादित पाठ)



अलिबाग शहरात 'इस्रायल आळी' या नावाची एक आळी आहे. समुद्राची खारी हवा, कौलारू घरे, परसात नारळी-पोफळी असे कोकणातील कोणत्याही आळीचे रूप तेच तिचेही रूप. या आळीत मागेन आबोथ नावाचे प्रार्थनामंदिर आहे आणि त्याच्या भोवती एके काळी बेने इस्रायल समाजाची भरगच्च वस्ती होती. किहीमकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर, राजपूरकर ही त्यांची आडनावे. मराठी ही घरातील भाषा. अंगावर नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. शेजारच्या घरात आणि या घरात बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसावा तो एवढाच की, या घराच्या दारचौकटीला 'मेझुझा' नावाची धर्मवचनाची लहानशी नळी ठोकलेली असे आणि शुक्रवारी सूर्य मावळला की चूल शांत होत असे.

अलिबागेपासून हजारो किलोमीटर अंतरावर, इस्रायलच्या दक्षिण भागातील नेगेव वाळवंटात, दिमोना नावाचे एक गाव आहे. या गावाला तिकडचे लोक कौतुकाने 'छोटा भारत' म्हणतात. अलिबागेत ज्यांच्या आळीला 'इस्रायल' म्हटले गेले, त्यांच्याच मुलानातवंडांच्या वस्तीला इस्रायलमध्ये 'भारत' म्हटले जाते! या दोन नावांच्या मध्ये एका समाजाच्या स्थलांतराची सारी कहाणी सामावली आहे. परदेशी गेलेले कुटुंब नव्या शेजारात कसे रुजते, त्याला काय सोडावे लागते, काय सोडता येत नाही आणि काय सोडू नये, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी या समाजाइतके बोलके उदाहरण मराठी माणसाला दुसरे क्वचितच सापडेल.

निरोप, पण हकालपट्टी नव्हे

बेने इस्रायलांची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावीच मूठमाती देण्यात आली. वाचलेली माणसे कोकणातील खेड्यापाड्यांतून पांगली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. ग्रंथ गेले, भाषा गेली. परंतु शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता, खवले-पर असलेलीच मासळी खाण्याचा दंडक आणि 'शेमा' ही एक प्रार्थना एवढे त्यांनी जपले. गावाने त्यांना त्यांचा शनिवार पाळू दिला आणि त्यांनी गावाची भाषा आपली केली. वर्षाच्या आरंभीचा सण त्यांच्या बोलीत 'नव्याचा सण' झाला आणि प्रायश्चित्ताचा उपवास 'दारफाळणीचा सण' झाला. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाची जी पोथी छापली गेली, तीत हिब्रू मजकुरासोबत मराठी भाषांतर होते. किंबहुना, एकोणिसाव्या शतकात या समाजाने यहुदी धर्मकथांवर मराठीतून कीर्तनेही रचली. पूर्वरंग-उत्तररंगाची घडण तीच, साकी-दिंडीची चाल तीच. आख्यान मात्र योसेफाचे किंवा मोशेचे.

असा हा समाज १९४८ च्या सुमारास भारतात सुमारे वीस हजारांच्या घरात होता. पुष्कळ कुटुंबे तोवर मुंबईत स्थिरावली होती. रेल्वे, टपाल, बंदर, गिरण्या, लष्कर, शाळा, रुग्णालये अशा ठिकाणी त्यांची चोख नोकरी होती. १४ मे १९४८ रोजी इस्रायल राष्ट्र स्थापन झाले. जुलै १९५० मध्ये त्या देशाने जगातील कोणत्याही यहुद्याला तेथे येऊन राहण्याचा अधिकार देणारा कायदा केला. आणि कोकणातील ही कुटुंबे निघाली.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घेतली पाहिजे. युरोपातील यहुदी जेव्हा इस्रायलकडे वळले, तेव्हा त्यांच्या पाठीशी छळछावण्यांचा धूर होता. इतर अनेक देशांतून आलेल्यांना घरदार टाकून पळावे लागले होते. बेने इस्रायलांना मात्र कोणीही 'जा' म्हटले नव्हते. शेजाऱ्याने दगड मारला नव्हता, सरकारने मालमत्ता हिरावली नव्हती. ते गेले ते धर्मग्रंथातील जुन्या वचनाच्या ओढीने, नातलग गेले म्हणून, मुलांचे भवितव्य घडेल या आशेने. या एका फरकामुळे त्यांच्या स्थलांतराला वेगळे परिमाण लाभते. हाकलून दिलेल्या माणसाला मागे वळून पाहण्याचे कारण नसते. निरोप घेऊन निघालेला माणूस मात्र आयुष्यभर मागे वळून पाहतो.

वाळवंटातले पहिले बिऱ्हाड

एखाद्या विशिष्ट कुटुंबाचे नाव घेण्याचे येथे कारण नाही, कारण शेकडो कुटुंबांची हकीकत थोड्याफार फरकाने एकच आहे. मुंबईतील एखाद्या कचेरीत कारकून असलेला कर्ता पुरुष, त्याची पत्नी, शाळकरी मुले आणि जपमाळेसारख्या आठवणी ओढणारी वृद्ध आई असे एक बिऱ्हाड डोळ्यांसमोर आणावे.

पन्नासच्या दशकाच्या आरंभी जे गेले त्यांच्या वाट्याला संक्रमण-वसाहतींतील तंबू आणि पत्र्याच्या खोल्या आल्या. नवजात राष्ट्रात अन्नधान्याचे नियंत्रण होते. वस्तू कूपनावर मिळत. पुढे बीरशेबा, दिमोना, येरुहाम, अश्दोद, लोद अशा गावांतून सरकारी चाळवजा इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतील दोन-तीन खोल्या या कुटुंबांना मिळाल्या. दिमोना हे गावच मुळी १९५५ साली वसवलेले. तेथे आधी आलेले रहिवासी बहुतांशी मोरोक्कोचे यहुदी होते.

कोकणात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. बीरशेबाच्या वाट्याला सुमारे दोनशे मिलिमीटर येतो आणि दिमोनात तर त्याहूनही कमी. ज्या स्त्रीने पावसाळ्यासाठी सरपण, सुकी मासळी आणि पापड यांची बेगमी करण्यात हयात घालवली, तिला त्या नव्या खिडकीतून पिवळी माती आणि कोरडे आभाळ याखेरीज काही दिसत नसे. भात हा ज्यांचा श्वास, त्यांच्यापुढे पाव आणि ऑलिव्ह आले. नारळ दुर्मीळ झाला. कोथिंबीर, आले-लसूण, हळद यांचे वाण स्वयंपाकघरात अडून बसले. भारतातून येणाऱ्या प्रत्येक नातलगाच्या पेटीत मसाल्याची पुडी ही पहिली मागणी असे.

नोकरीचा प्रश्न त्याहून बिकट होता. कारकुनी करणाऱ्याची इंग्रजी आणि त्याची सुवाच्य मोडणी तेथे कामाची नव्हती. हवी होती हिब्रू, आणि हवे होते हात. कोणी दिमोनातील कापड कारखान्यात पाळीवर लागला, कोणी मृत समुद्राच्या काठच्या क्षार-उद्योगात, कोणी रस्त्याच्या आणि बांधकामाच्या कामावर. मुंबईत ज्याला लोक 'साहेब' म्हणत, त्याच्या तळहाताला वयाच्या चाळिशीत घट्टे पडले. घरी येऊन तो ते आईपासून लपवत असेल, हे सांगायला कोणा इतिहासकाराची गरज नाही.

शेजार : खुणांची भाषा

जिन्याच्या पलीकडच्या बिऱ्हाडात मोरोक्कोचे कुटुंब. त्यांची घरातील भाषा अरबी, थोडी फ्रेंच. यांची मराठी, थोडी इंग्रजी. दोघांनाही हिब्रू येत नाही. आणि दोघेही त्याच धर्माचे, त्याच राष्ट्राचे नागरिक! अशा वेळी पहिली देवाणघेवाण होते ती वाटीची. एका घरातून कुसकुस जाते, दुसऱ्या घरातून चपाती येते. एका घरातील तिखट दुसऱ्या घरातील तिखटाला ओळखते. युरोपातून आलेल्यांना दोन्ही घरचे जेवण झणझणीत वाटे. त्यामुळे या दोन घरांची गट्टी अधिकच जमे.

भाषेचा पूल बांधला तो मुलांनी. मोठी माणसे सरकारी हिब्रू वर्गात उजवीकडून डावीकडे लिहिण्याशी झगडत होती, तेव्हा मुले रस्त्यावर खेळता खेळता फाडफाड बोलू लागली. दवाखान्यात, कचेरीत, दुकानात आईवडिलांचे दुभाषे म्हणून दहा वर्षांची मुले जाऊ लागली. यात सोय होती, तसे दु:खही होते. ज्या घरात बापाच्या शब्दाला वजन असते, त्या घरात बापाला मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागले तर घराची घडी विस्कटते. परदेशी स्थायिक होणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला या अवघड वळणावरून जावे लागते. ज्या घरांनी मुलाला भाषा शिकू दिली आणि मुलाकडून आपणही ती शिकण्यात कमीपणा मानला नाही, ती घरे सावरली. जेथे अहंकार आडवा आला, तेथे मुले एकीकडे आणि आईबाप दुसरीकडे असे दोन परके देश एकाच छपराखाली नांदू लागले.

एका अक्षराचा प्रश्न

हिब्रू भाषेत यहुद्याला 'येहुदी' म्हणतात आणि भारतीयाला 'होदी'. लिहिताना या दोन शब्दांत फरक आहे तो केवळ एका अक्षराचा. तेही त्या वर्णमालेतील सर्वांत लहान अक्षर. परंतु या एका अक्षराने बेने इस्रायलांना दशकाहून अधिक काळ छळले.

पहिली ठिणगी १९५१ मध्ये पडली. बीरशेबा परिसरातील काही कुटुंबांनी तक्रार केली की, रंगावरून आपल्याला हिणवले जाते, कामे हलकी मिळतात, घरांच्या वाटपात डावलले जाते. त्यांनी तेल अवीवला जाऊन ज्यू एजन्सीच्या दारात धरणे धरले. मागणी एकच : आम्हाला भारतात परत पाठवा. हाती शस्त्र नाही, तोंडी शिवी नाही. नुसते बसून राहणे. सत्याग्रहाचा हा वाण त्यांनी अर्थातच मुंबईहून नेलेला होता. अखेर १९५२ मध्ये शंभराहून अधिक लोकांना परत पाठवण्यात आले. पुढे त्यांतील अनेक जण पुन्हा इस्रायललाच गेले, हा या कहाणीतील सर्वांत मानवी भाग होय. तिकडे असताना इकडची ओढ आणि इकडे आल्यावर तिकडची.

दुसरा आघात अधिक खोल होता. इस्रायलमध्ये विवाहाची नोंद धर्मपीठाकडे होते. या समाजाचे लोक अनेक शतके मुख्य यहुदी प्रवाहापासून दूर राहिले, तेव्हा त्यांचे विवाह आणि घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील काय, अशी शंका काही धर्मगुरूंनी काढली. १९६२ मध्ये सूचना निघाली की, बेने इस्रायल वधू किंवा वर असेल तर त्यांच्या मातृकुळाची जेवढ्या पिढ्यांपर्यंत शक्य असेल तेवढी चौकशी करावी.

या सूचनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. शेजारच्या मोरोक्कन घरातील मुलगा आणि या घरातील मुलगी एकाच शाळेत शिकली, एकाच सैन्यात भरती झाली. आता ती दोघे लग्न करू इच्छितात. दोन्ही घरे राजी आहेत. आणि कचेरीत बसलेला अधिकारी विचारतो, तुझी पणजी कोण होती? ज्यांनी कोकणातील खेड्यात धर्मग्रंथावाचून, गुरूवाचून, केवळ निष्ठेच्या बळावर शनिवार सांभाळला, त्यांनाच त्यांच्या धर्माच्या भूमीत निष्ठेचा दाखला मागितला गेला! भारतात त्यांना 'तुम्ही यहुदी आहात काय' असे कोणी विचारले नव्हते. 'शनिवार तेली' या नावातच ते उत्तर गावाने देऊन टाकले होते.

समाज पेटून उठला; परंतु त्याने आग लावली नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल कुटुंबे लेकराबाळांसह जेरुसलेमला जाऊन बसली. साडीतील आज्या त्यांत होत्या, कडेवर मुले घेतलेल्या तरुण आया होत्या. देशाचे लक्ष वेधले गेले. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने बाजू घेतली आणि ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेचे विशेष अधिवेशन होऊन बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, इतरांत व त्यांच्यात भेद नाही, असे जाहीर करण्यात आले. त्याच महिन्यात धर्मपीठाने सूचनेतून त्यांचे नाव वगळले. ते एक लहानसे अक्षर अखेर जागेवर आले.

या लढ्याचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी हक्क मागितला तो 'वेगळे' म्हणून नव्हे, तर 'आपले' म्हणून. आणि तो मिळवताना त्यांनी आपले वेगळेपण पुसूनही टाकले नाही. मेंदीचा कार्यक्रम सोडा, कीर्तन सोडा, मग आम्ही तुम्हाला आपले म्हणू, असा सौदा त्यांनी स्वीकारला नाही.

रुजण्याची तीन साधने

नव्या मातीत रुजण्यासाठी या कुटुंबांना तीन गोष्टी उपयोगी पडल्या.

पहिली, प्रार्थनामंदिर. धर्म तोच असला तरी प्रार्थनेची चाल प्रत्येक देशाची निराळी. म्हणून गावोगावी त्यांनी आपल्या चालीचे प्रार्थनामंदिर उभारले. आठवड्यातून एकदा तेथे भेट झाली की नोकरीची माहिती, मुलामुलींची स्थळे, आजाऱ्याची विचारपूस हे सारे आपोआप होई. नवख्या माणसाला सरकारी कचेरी घर देते. परंतु गाव देतो तो समाजच.

दुसरी, स्वयंपाकघर आणि घरचा विधी. पोहे, ओले खोबरे, गूळ आणि फळे घालून केलेला 'मलिदा' हा या समाजाचा नवसाचा प्रसाद. प्रेषित एलियाहूच्या नावाने तो केला जातो. अलिबागजवळ खंडाळे येथे एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे अशी त्यांची श्रद्धा. इस्रायलमध्ये गेल्यावर त्यांनी हैफा येथील कार्मेल डोंगरावरील एलियाहूच्या गुहेत जाण्याचा परिपाठ ठेवला आणि मलिद्याचे ताट तेथे नेले. म्हणजे देव तोच, डोंगर नवा, पोहे मात्र कोकणातले! लग्नाआधीची मेंदीही अशीच टिकली.

तिसरी गोष्ट ऐकून थोडे हसू येईल. ती म्हणजे क्रिकेट. ज्या देशात या खेळाची फारशी कोणाला ओळख नव्हती, तेथे बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद या गावांतील भारतीय तरुणांनी शनिवारी फळ्या आणि चेंडू घेऊन मैदाने गाठली. १९७४ साली इस्रायल आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनेचा सहसदस्य झाला आणि १९७९ च्या पहिल्या आयसीसी करंडक स्पर्धेत त्या देशाचा संघ खेळला. त्यामागे या मुलांच्या आणि त्यांच्या बापांच्या हौसेचा मोठा वाटा होता. आपण आणलेल्या गोष्टीत शेजाऱ्यालाही वाटा देता आला, तर परकेपणा लवकर सरतो.

आणि सैन्याचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. अठराव्या वर्षी बहुतेक मुलामुलींना लष्करी सेवा सक्तीची. एका तंबूत मोरोक्कोचा, पोलंडचा, इराकचा आणि पेणचा मुलगा एकत्र झोपला की, आडनाव मागे पडते. ज्या भूमीसाठी मुलाने पहारा दिला, ती भूमी त्याच्या आईलाही आपली वाटू लागते.

मिळकत आणि किंमत

आज भारतीय वंशाच्या यहुद्यांची इस्रायलमधील संख्या सुमारे पंच्याऐंशी हजार असल्याचे भारतीय दूतावास सांगतो. त्यांत बेने इस्रायल सर्वाधिक. २९ जानेवारी १९९२ रोजी दोन्ही देशांत पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि जाणे-येणे सुकर झाले. १ मे रोजी तेथे महाराष्ट्र दिन साजरा होतो. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक या समाजाने १९८० च्या दशकापासून चालवले. जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी इस्रायलला भेट दिली, तेव्हा तेल अवीवला जमलेल्या हजारो भारतीय यहुद्यांना मराठी शब्द कानी पडताच झालेला आनंद साऱ्या जगाने पाहिला. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये येथे उरलेल्या यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

तथापि, हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तिकडे तिसरी पिढी मराठी समजते, पण बोलत नाही. चौथीला समजतही नाही. आजीच्या ओव्या नातीला भाषांतर करून सांगाव्या लागतात. आणि इकडे? सामूहिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती आवश्यक मानली जाते. कोकणातील अनेक प्रार्थनामंदिरांत आज ते दहा जण जमत नाहीत. दारचौकटीवर मेझुझाची खूण उरली आहे, घरात कुलूप आहे. एका आळीचे भरणे म्हणजे दुसऱ्या आळीचे रिते होणे असते, हे स्थलांतराचे कटू सत्य आहे.

दिमोनाहून किंवा अश्दोदहून नातवंडे आज नवगावला येतात. तेथील जुन्या दफनभूमीशी उभी राहतात, मग इस्रायल आळीत जाऊन आजीचे घर शोधतात. शेजारची म्हातारी त्यांना त्यांच्या आजोबांच्या नावाने ओळखते, ओटीवर बसवते आणि चहा ठेवते. भाषा कळत नाही. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी जिन्याच्या पलीकडच्या मोरोक्कन बाईशी आजीने जे खुणांनी बोलणे केले होते, तेच ही नात आता अलिबागेत करते.

बंधुभगिनींनो, आज मराठी घरांतील मुले मोठ्या संख्येने परदेशी जात आहेत. विमानतळावर त्यांना निरोप देताना डबे आणि मसाले आपण आठवणीने बांधून देतो. त्यासोबत या समाजाचे उदाहरणही द्यावे. जेथे जाल तेथील भाषा मनापासून शिका, त्या भूमीचे कर्तव्य चोख बजावा, अन्याय झाला तर ताठ मानेने पण संयमाने उभे राहा, आणि घरातला एक तरी सण, एक तरी पदार्थ, एक तरी ओवी मुलांच्या हाती सोपवा.

जे येथे राहतात, त्यांच्यासाठीही यात एक धडा आहे. कोकणातील एका खेड्याने कधी काळी फुटक्या गलबतातून आलेल्या चौदा माणसांना त्यांचा धर्म सोडायला न सांगता आपले मानले. हे कोणत्या राजाने केले नाही, कोणत्या कायद्याने केले नाही. ते शेजाऱ्याने केले. आपल्या इमारतीत, आपल्या आळीत दूरदेशाहून नवे बिऱ्हाड येते, त्यांची भाषा आपल्याला कळत नाही आणि आपली त्यांना, तेव्हा दार कोणी आधी वाजवायचे, हा प्रश्न उरत नाही. ज्यांचे घर आधीपासून तेथे आहे, त्यांनीच वाटी घेऊन जायचे असते.